मिठाच्या पाण्याचा डिमर : सांगलीच्या हौशी नाटकवाल्यांच्या मुलाखती, प्रकल्प नोंदी

४ जून २०२३, रविवार

यादी झाली. २३ नावं. सगळ्यांत लहान माणूस ६६ वर्षांचा, सगळ्यांत मोठा नव्वदी गाठलेला. दिवाळीपर्यंत निम्म्यांशी बोलून झालं तरी मिळवलं.

हे कुठून सुरू झालं ते एकदाच लिहून ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातलं आमचं घर सोडताना देव घेतले, सिलिंडर वर चढवला, रेशनकार्ड आणि घराचे कागद पिशवीत घातले. सासऱ्यांची नाटकाची ट्रंक कॉटखाली राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत कागद नव्हता, वीट होती. बाडं, हॅंडबिलं, हिशेबाच्या वह्या, फोटो, सगळं एकमेकांत शिजून घट्ट झालेलं. शाबूत निघालं ते एकच, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. त्यावर नाव चुकीचं छापलेलं.

सासरे वर्षभराने गेले. ते नाट्यसंस्थेचा हिशेब बघायचे आणि पत्र घेऊन येणारा पोस्टमन, दार उघडणारा गडी असल्या भूमिका करायचे. त्यांना कधी नीट विचारलं नाही. आता बाकीच्यांना विचारायचं, एवढाच प्रकल्प. मी आणि बँकेतली मैत्रीण, रविवारी. पैसे स्वतःचे.

११ जून

पहिली मुलाखत. दिग्दर्शक काका, वय ८२, विश्रामबाग. सासऱ्यांचे मित्र, त्यामुळे मी ‘सूनबाई’. पोहे झाले, चहा झाला, मग ते खुर्चीत सरळ बसले, खाकरले आणि सुरू झाले. एक तास चाळीस मिनिटं. आम्ही तीन प्रश्न विचारले असतील.

त्यातली मुख्य गोष्ट ती अंधाराची. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. सत्तरच्या दशकाची अखेर, परगावी स्पर्धेचा प्रयोग, तिसरा अंक, नायकाचं लांबलचक स्वगत. स्वगताच्या सुरुवातीलाच लाइट गेली. ‘सगळीकडे मिट्ट काळोख. समोर पाचशे माणूस, पण टाचणी पडली तर ऐकू येईल. डोक्यावर पंख्यांची घरघर तेवढी. आणि मी थांबलो नाही. बोलत राहिलो. शेवटचं वाक्य संपायला आणि लाइट यायला एकच गाठ!’ मग टाळ्या. परीक्षकांनी शेरा मारला, अंधाराचा वापर अप्रतिम.

मैत्रीण परत येताना म्हणाली, ‘हे पाठ आहे गं त्यांचं. ‘टाचणी’च्या आधी थांबतात ते बघितलंस? सासऱ्यांच्या दिवसांच्या वेळीही तिथंच थांबले होते.’ खरं आहे. त्यांनी आठवण सांगितली नाही, प्रयोग केला.

तांत्रिक : रेकॉर्डिंग वाया गेल्यात जमा. छताचा पंखा पूर्ण वेगात, त्यात कुकरच्या शिट्ट्या. शब्द कळतात, पण ऐकवण्यासारखं नाही. इथून पुढं पंखा बंद, कॉलर माइक लावायचा, रेकॉर्डर टेबलावर न ठेवता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवायचा.

१८ जून

पाऊस नाही. माणसं आभाळाकडे बघतायत.

आठवडाभर रोज रात्री ती फाइल उतरवून काढली. तासभराच्या बोलण्याला मला सहा तास लागतात. मोबाइलवरचं बोललेलं लिहून देणारं ॲप लावून बघितलं. त्याने ‘नांदी’चं ‘नदी’ केलं, ‘बाड’चं ‘बाद’ केलं आणि ‘विंगेत उभा’चं काय केलं ते लिहिण्याजोगं नाही. हातानेच करायचं.

प्रश्नपत्रिका फाडली. ‘तुमच्या नाट्यप्रवासाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस सत्काराला उत्तर देतो. नवे प्रश्न असे : तालीम कुठं व्हायची? त्या खोलीत दिवा कुठं होता? चहाचे पैसे कोण द्यायचं? घरी किती वाजता जायचात, दार कोण उघडायचं? सेट कशातून न्यायचात, आणि परत आणलेले फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, कुणाच्या परसात पडायचे? साल विचारायचं नाही. साल कुणालाच आठवत नाही आणि विचारलं की माणूस ओशाळतो. कोयनेचा भूकंप आधी की नंतर, बहात्तरचा दुष्काळ आधी की नंतर, आणीबाणी होती का, असं विचारलं की लगेच जागेवर बसतं. भूकंप डिसेंबर १९६७चा, तो तर सांगलीत कुणीच विसरलेलं नाही. दोन जणांना तेव्हा तालमीतच बसला होता.

आणि यादी पुन्हा बघितली. २३ पैकी १९ जण नट किंवा दिग्दर्शक. पडदा ओढणारा एक नाही. मेकअप, लाइट, कपडे, कुणी नाही. ही यादी मीच केलेली.

२ जुलै

आज्जी, वय ७६. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायच्या. दोन नाटकांत कामं केली, त्यानंतर अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेलं वाक्य सांगणं. काम का सोडलं, तर सासूबाईंची अट : नाटक करायचं तर कर, पण लोकांना दिसायचं नाही. ‘मग काय, विंगेत उभी राहिले. दिसत नव्हते की कुणाला!’ आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

त्या काळात स्त्री पात्र मिळवणं हेच संस्थेचं अर्धं काम असायचं. स्त्रीपात्रविरहित नाटकं म्हणून वेगळी निघायची, ग्रंथपालाकडे मागितली की तो गठ्ठा काढून द्यायचा. पैसे देऊन बाहेरून बाई आणायची तर तिचा जाण्यायेण्याचा खर्च, मुक्काम, आणि तिला तालमी मिळणार दोन. गावातल्या बाईला घरून सोडत नसत. आज्जी म्हणतात, त्यांना तालमीला आणायला आणि पोहोचवायला दोन माणसं लागत. एक माणूस आला तर गल्लीत बोलणं व्हायचं.

प्रॉम्प्टिंगचं त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठं वाचलं नाही. वाक्य पूर्ण सांगायचं नाही. पहिले दोन शब्द, तेही श्वासावर, घशातून नाही. घशातला आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो, श्वासावरचा विंगेबाहेर सहा फुटांवर मरतो. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे त्याच्या हातांवरून ओळखायचं. ‘थांबलेल्याचे हात शांत असतात. विसरलेला बोटं हलवतो. तोंडावर काही दिसत नाही हो, तोंडाने तो नटच असतो.’ हे सांगताना स्वतःची बोटं मांडीवर अशी काही हलवली की त्या क्षणी समोर एक घाबरलेला माणूस दिसला.

मी म्हटलं, सांगलीचं नाटक सुरू झालं तेव्हा प्रॉम्प्टर नव्हताच. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’त सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगावर आयत्या वेळी भाषणं करायची. पदं पुढं छापली गेली, १८८५च्या संग्रहात. ती भाषणं कुठंच नाहीत, लिहिलेलीच नव्हती. आज्जी म्हणाल्या, ‘बरं होतं मग त्यांचं. विसरायला काही नव्हतंच.’

उठता उठता मी अंधाराच्या रात्रीचा विषय काढला. त्या त्याच नाटकाला विंगेत होत्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘अंधारात तोच बोलत होता, हे कुणी सांगितलं?’ पुढं बोलल्या नाहीत. माइक काढून माझ्या हातात दिला.

१६ जुलै

माधवनगर. कापड गिरणीतले निवृत्त कामगार, ७४. कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धेत आठ वर्षं. दुसरी पाळी सुटायची रात्री, मग तालीम, घरी पहाटे. ‘पाळी बदलून घ्यायला लागायची. बदलीवाल्याला चा आन् भजी. साहेब नाटकाला येनार म्हटलं की साहेबाच्या मिसेसला पुढची शीट. आमी नाटकात तीनच वाक्यं बोलायचो, पन तयारी सा म्हैन्याची.’ ती तीन वाक्यं त्यांनी म्हणून दाखवली. अजून पाठ आहेत.

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी विचारलं, तुम्हाला काय आठवतं? ‘मला काय आठवायचंय. ह्यांनी पगारातनं वर्गणी दिली की म्हैनाअखेरीला दुकानदार मला विचारायचा, ह्यांना न्हाई.’ ती दुकानदाराची उधारी, दिवाळीला न झालेलं लुगडं, हे सगळं सांगून मग म्हणाली, ‘पन बघायला गेलते मी. पुढंच बसलेवते.’ ती चौदा मिनिटं या संग्रहातली मला सगळ्यांत आवडलेली. तिच्यासाठी वेगळं संमतीपत्र केलं. सही करताना तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘तुझं तू बघ.’

३० जुलै

हरिपूर. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. ‘शारदा’ इथल्या पारावर लिहिलं असं गावात सांगतात, आणि सांगणारा हाताने जागा दाखवतो. पूर्वी हळद साठवायची पेवंही इथलीच. २००५च्या पुरात पाणी शिरून बरीच गेली.

मुलाखत ज्यांची घ्यायची ते नव्वदीचे, संगीत नाटकांतले. १९४३च्या मराठी रंगभूमीच्या शताब्दी सोहळ्याला वडिलांनी खांद्यावर बसवून नेलं होतं, ही त्यांची पहिली नाटकाची आठवण. त्यानंतर प्रश्न कुठलाही विचारा, उत्तर पदातून. ‘पायपेटी कुठून आणायचात?’ तर पेटी कुठली ते राहिलं बाजूला, त्या पेटीवर काळी चारच्या सुरात काय लागायचं ते गाऊन दाखवलं. दोन तासांत माहिती अशी काही नाही. पण आवाज! सून येऊन दोनदा पाणी ठेवून गेली. फाइल पूर्ण ठेवली, काटछाट नाही. येताना संगमेश्वराला जाऊन आलो. वारणा येऊन मिळते तिथं पाणी नेहमीपेक्षा फारच खाली.

१३ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

लाइटवाले काका, वय ७९, मोटर वाइंडिंगचं दुकान, आता मुलगा बघतो. यादीत नव्हते, आज्जींनी सुचवलं. दुकानातच बसलो. मुलाने ग्राइंडर बंद ठेवला, त्याचे आभार.

आज डिमर म्हणजे एक डबा, बटणं सरकवली की झालं. तो विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा हे लोक पाण्याने प्रकाश कमीजास्त करायचे. हे मी ऐकून होते, कसं ते माहीत नव्हतं. काकांनी कागदावर काढून दाखवलं, मग म्हणाले, ‘थांबा ताई’, आणि माळ्यावरून खरंच एक नळ काढून आणला. सांडपाण्याला वापरतात तो चिनी मातीचा चकाकीचा पाइप, दोन फुटी, खालचं तोंड सिमेंटने बंद केलेलं. तळात शिशाचा जाड पत्रा, त्याला वायर. वरून दुसरा पत्रा, दोरीला बांधलेला, दोरी कप्पीवरून खाली. पाणी भरायचं, त्यात मीठ.

वीज एका पत्र्यातून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्या पत्र्यात, तिथून दिव्याला. पत्रे लांब असले की पाण्याचा अडथळा जास्त, दिवा मंद. वरचा पत्रा खाली सोडत आणला की दिवा उजळत जातो. पत्रा पत्र्याला टेकला की फुल्ल. नुसत्या पाण्यातून पुरेशी वीज जात नाही म्हणून मीठ, पण मीठ किती हीच सगळी विद्या. ‘चिमटीनं घालायचं, चमच्यानं न्हाई. येक चिमूट, बघायचं. दिवा लाल झाला का? अजून येक. जास्त झालं की पानी उकळतंय, फ्यूज उडतोय.’ आणि प्रत्येक गावचं पाणी निराळं. मिरजेला लागणारं मीठ आणि कोल्हापूरला लागणारं मीठ एक नाही. गेल्या गेल्या आधी तिथलं पाणी जिभेवर घेऊन बघायचे.

खरी गंमत पुढं. पाणी तापलं की त्यातून वीज जास्त वाहते. म्हणजे पत्रा जिथल्या तिथं ठेवला तरी अर्ध्या तासात दिवा आपसूक वर चढतो. लेखकाने ‘तिन्हीसांजा’ लिहिलंय आणि रंगमंचावर दुपार होते. म्हणून हे सारखे दोरी बोटभर वर, बोटभर वर ओढत राहायचे, आणि अंक संपला की बादलीने पाणी बदलायचे. चार नळ, चार दोऱ्या, विंगेत वाफ, पायात रबरी स्लीपर. वीज वाहत असताना पाण्यात बोट गेलं तर माणूस गेला. बघे पोरगे जवळ आले तर काका लाथ घालायचे, असं ते स्वतः म्हणाले.

स्पॉट डालड्याच्या डब्याचे. डब्याला मागून होल्डर, पुढं रंगीत जिलेटिन कागद. डबे शेजारणींकडून गोळा व्हायचे आणि शेजारणी प्रयोगाला आल्या की स्टेजकडे न बघता वर बघत आपला डबा ओळखायच्या.

मी म्हटलं, एक सूर्यास्त करून दाखवा ना. वीज नव्हती, दिवा नव्हता. काकांनी नळ स्टुलावर ठेवला, दोरी धरली, डोळे मिटले आणि हळूहळू ओढायला लागले. ओठांत आकडे. मधे एकदा थांबले, कारण नाटकात तिथं एक बाई दिवा लावायला येते. पुन्हा सुरू. नव्वदला पत्रा पाण्याबाहेर आला, टपटप थेंब पडायचे तसा हात झटकला. दुकानात भर दुपारचं ऊन होतं आणि मला अंधार झाल्यासारखं वाटलं. मुलगा म्हणाला, ‘हे मी पयल्यांदा बघतोय.’

अंधाराच्या रात्रीबद्दल विचारलं. ‘लाइट गेलीवती का? असंल. जायचीच की त्या वक्ती.’ आणि नळ परत माळ्यावर.

२७ ऑगस्ट

ऑगस्ट कोरडा गेला. चार वर्षांमागं याच महिन्यात आम्ही बोटीतून बाहेर पडलो होतो.

गेल्या आणि या रविवारी मिळून तीन मुलाखती. एक रंगभूषाकार (सफेदा, पिवडी, हिंगूळ, मिशीला स्पिरिट गम, परीक्षक पहिल्या रांगेत नसतात म्हणून सुरकुत्या जाड काढायच्या). एक बक्षिसं सांगणारे नट, त्यांची प्रमाणपत्रांची फाइल उत्तम, बोलणं फाइलइतकंच. तिसरी नोंदवत नाही. मधेच त्यांनी संस्था कशी फुटली ते सांगायला सुरुवात केली आणि जिवंत माणसांवर असे आरोप केले की मी रेकॉर्डर बंद केला. हे बरोबर केलं की चूक, मैत्रिणीचं आणि माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, संस्था फुटण्याशिवाय हौशी रंगभूमीचा इतिहास कसा लिहिणार? मुद्दा तिचा बिनतोड आहे. तरी मी बंदच केला असता.

ज्यांच्याकडे कागद शाबूत आहेत त्यांच्याकडे परिनिरीक्षण मंडळाची प्रमाणपत्रंही आहेत. प्रयोगाआधी संहिता मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्यावर क्रमांक आणि तारीख असते. कुठल्या साली कुठलं नाटक, या वादात हा कागद एकदम निकाल लावतो. बाकी तारखांसाठी भूकंप आणि दुष्काळ आहेतच.

२४ सप्टेंबर

गणपती चालू. कुणी भेटत नाही, म्हणून जुन्या फाइली तपासायला घेतल्या. पहिली, ११ जूनची, वाया गेलेली. पंख्याचा आवाज गाळून निघतो का बघत होते. हेडफोनमधून तो घरघराट ऐकत असताना काकांचं वाक्य आलं : ‘डोक्यावर पंख्यांची घरघर तेवढी.’

मागं घेतलं. पुन्हा ऐकलं.

लाइट गेली होती तर पंखे कसे चालू होते?

रात्री साडेअकराला मैत्रिणीला फोन. ती आधी चिडली, मग गप्प, मग म्हणाली, ‘हे वाक्य मी पण वीस वर्षं ऐकतेय.’

८ ऑक्टोबर

लाइटवाले काका. या वेळी एकटी गेले, रेकॉर्डर पर्समध्ये. पंख्यांचं सांगितलं. बराच वेळ ते हातातल्या तांब्याच्या तारेला गुंडाळी देत बसले.

‘लाइट न्हाई गेलती. मी घालवली.’

मग म्हणाले, लावा मशीन.

स्वगताचं दुसरं वाक्य झालं आणि नायक थांबला. काका उजव्या विंगेत, दोऱ्या हातात. त्यांच्या जागेवरून नटाचा चेहरा दिसत नाही, पाठ आणि हात दिसतात. बोटं हलायला लागली. डाव्या विंगेतून बाईंनी, म्हणजे आज्जींनी, शब्द टाकला, त्याला गेला नाही. पुन्हा टाकला. ‘आता मानूस पळून जानार असं वाटलं मला. म्हनून चारी दोऱ्या वर घेतल्या. येकदम न्हाई. चार मोजून. येकदम घेतलं तर समद्यांना कळतंय, काय तरी बिघडलं म्हनून.’

अंधारात बाई विंगेतून बाहेर आल्या, नायकाच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. वाक्य त्या सांगायच्या, तो मोठ्याने म्हणायचा. अख्खं स्वगत. शेवटाकडे त्यांनी पायाने लाकडी फळीवर दोनदा वाजवलं आणि विंगेत परत गेल्या. ती काकांना खूण. दोऱ्या खाली.

‘ठरलेलं होतं?’

‘कशाचं ठरतंय. पाय वाजला, मला कळलं.’

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही? ‘त्येला बक्षीस मिळालं. आता त्यात मीठ कशाला टाकायचं?’

१५ ऑक्टोबर

घटस्थापना. आज्जींकडे. काकांनी सांगितलं एवढंच म्हटलं, काय ते नाही. त्यांनी डोळे पुसले, आणि मग मला वाटलं होतं त्याच्या उलट, खूप खूश दिसल्या. ‘बोलला का तो? मला वाटलं तसाच जाईल.’

त्यांनी तेच सांगितलं, फरक दोन. फळी एकदाच वाजवली होती. आणि शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलंच नाही. ते त्याला स्वतःला आठवलं. ‘हे लिही. शेवटचं त्याचं होतं.’ अकरा वर्षांत रंगमंचावर त्या तेवढ्याच उभ्या राहिल्या, आणि सासूबाईंची अट त्या दिवशीही मोडली नाही, हेही त्याच म्हणाल्या.

संमतीपत्रावर त्यांची अट : दिग्दर्शकांच्या हयातीत हा भाग कुणाला ऐकवायचा नाही. लाइटवाल्या काकांनीही तीच घातली होती, त्यांना हे माहीत नसताना. दोन्ही फाइली वेगळ्या ड्राइव्हवर, कुलूपबंद. मैत्रिणीला कल्पना दिली.

एकदा वाटलं की त्या रात्रीच्या तीन गोष्टींतून एक खरी गोष्ट तयार करून लिहावी. नको. तिन्ही जशाच्या तशा राहतील. फळी एकदा वाजली की दोनदा, हे मी ठरवणारी कोण.

५ नोव्हेंबर, रविवार

रंगभूमी दिन. सकाळी भावे नाट्यमंदिराच्या बाजूने गेलो, संध्याकाळच्या गौरव पदकाच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती. आम्हाला विश्रामबागला जायचं होतं. उतरवलेला मजकूर ज्याचा त्याला दाखवून सही घ्यायची असं ठरलंय, दिग्दर्शक काकांचा तेवढा राहिला होता. मधे ते दवाखान्यात होते. आता पलंगावर, उशा लावून. आवाज खाली गेलाय.

त्यांनी ३१ पानं चष्मा पुढंमागं करत वाचली. दोन ठिकाणी नावं दुरुस्त केली. अंधाराच्या पानावर थांबले. मी ठरवून आले होते की काही बोलायचं नाही, आणि बोलले नाहीच. मैत्रीण खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यांनी पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ मारली. पंख्यांची घरघर.

‘हे मी दर वेळी सांगतो,’ ते म्हणाले. ‘सूनबाई, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. कुणी विचारलं नाही.’

मी गप्प.

‘तुमचे सासरे तिकीटखिडकीवर होते. आत आले तर बाहेर लख्ख दिवे. त्यांनी पण नाही विचारलं. त्या दोघांना भेटलात ना तुम्ही?’

म्हटलं, काका, मला सांगता येत नाही.

‘बरोबर आहे. सांगू नका.’ मग थोड्या वेळाने, ‘तुमचं ते यंत्र आणलंय का? मी सांगतो.’

मी उठून पंखा बंद करायला गेले. ते म्हणाले, राहू दे.

फाइल १९. लांबी ६ मिनिटं १० सेकंद. पंख्याचा आवाज आहे. टाचणी नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फळी वाजलीच नाही; आज्जींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, तो काढला. पंधरा तारखेच्या दोन्ही अटींवरची सूट त्या दोघांना विचारून मागायची, मंगळवारी बँक सुटल्यावर. आज्जींकडे आधी.